मुंबईत गच्चीवर लाल भोपळा कोणी लावलाय का? (बियांसकट सगळं सांगा)

सायली_मुलुंड

नमस्कार मंडळी,
आमच्या सोसायटीने गच्चीचा एक कोपरा झाडांसाठी वापरायला परवानगी दिली आहे. टोमॅटो-मिरची सगळेच लावतात, मला लाल भोपळा लावायचाय. खरं कारण सांगू का, बिया! घरात दोन माणसं डाएटवर, रोज सकाळी मूठभर हिरव्या बिया लागतात आणि ड्रायफ्रूटवाल्याकडचा भाव ऐकला की पोटात गोळा येतो. म्हटलं, भोपळाच लावू, भाजीही होईल आणि बियाही.

मंडईतल्या भोपळ्याच्या बिया पेरल्या तर चालतील का? कुंडी केवढी लागेल? आपल्या पावसात वेल टिकतो का? आणि मुख्य म्हणजे घरच्या बिया दुकानातल्यासारख्या हिरव्यागार निघतील का? ऊन भरपूर आहे, सकाळी आठपासून रखरखीत. मधमाश्या चौदाव्या मजल्यावर येतात की नाही, देव जाणे.

पक्या_परळ

लावा बिनधास्त. फक्त सेक्रेटरींशी विळ्या-भोपळ्याचं सख्य होऊ देऊ नका. वरच्या मजल्यावर कुणाच्या छताला ओल आली की पहिलं बोट कुंड्यांकडे जातं.
बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

चिकूवाडी

सायली, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरेल. नाही, हिरव्यागार निघणार नाहीत.

आपल्या मंडईत येतो तो भोपळा बहुतेक वेळा कुकुर्बिटा मोशाटा या जातीचा असतो. त्याची बी पांढरट-पिवळट, कवच चिवट, कडेला उठलेली किनार. ते कवच सोललं की आत हिरवट पापुद्र्यात गुंडाळलेला गर निघतो. खायचा तो हाच. दुकानातल्या हिरव्या बिया दोन वाटांनी येतात. एक तर कवचाच्या बिया यंत्रावर सोललेल्या असतात, नाहीतर मुळातच कवच नसलेल्या भोपळ्याच्या असतात. हा बिनकवचाचा भोपळा म्हणजे कुकुर्बिटा पेपो. ऑस्ट्रियाच्या श्टायरिया भागात तो तेलासाठीच लावतात. निसर्गातच कधीतरी बदल होऊन बीचं कवच पार पापुद्र्याएवढं झालं आणि शेतकऱ्यांनी तेच बियाणं पुढे जपलं. तेल गडद हिरवं निघतं. गर मात्र बेचव, बिया काढल्या की तो तिकडे शेतातच टाकून देतात.

म्हणजे बघा, ज्याची बी चांगली त्याची भाजी नाही आणि ज्याची भाजी चांगली त्याची बी सोलत बसावी लागते. पेपोचं बियाणं मागवून लावणारे हौशी लोक आहेत, पण त्या जातीला आपली दमट हवा सोसत नाही, पानांवर भुरी (पांढरी बुरशी) लवकर चढते. माझं मत विचाराल तर मोशाटाच लावा. बियांसाठी म्हणून लावू नका, वेलासाठी लावा. बिया वरकड.

मंडईतल्या बिया उगवतात, अगदी छान उगवतात. पण तो भोपळा संकरित असेल तर पुढच्या पिढीत फळं कशी येतील याचा नेम नाही. जागा कमी आहे तेव्हा एकदा तरी माहितीतलं वाण घ्या. ‘पुसा विकास’चा वेल आखूड, दोन-अडीच मीटरचा आणि फळ दोन किलोच्या आसपास. ‘अर्का सूर्यमुखी’ हे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं वाण. फळ एक-दीड किलोचं, गोल, केशरी, आणि फळमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारं. ‘अर्का चंदन’ त्यांचंच, दोन-तीन किलोचं. मुंबईत फळमाशी हाच मुख्य शत्रू आहे, म्हणून सूर्यमुखीकडे लक्ष द्या. महापालिकेचं फळं-फुलं-भाज्यांचं प्रदर्शन दरवर्षी राणीच्या बागेत भरतं, तिथे चक्कर मारलीत तर बियाणं-खतवाले एका जागी भेटतात.

एक महत्त्वाचं. पाकिटातल्या बियांना गुलाबी, निळा असा रंग असेल तर ते बुरशीनाशक आहे. पेरून उरलेल्या बिया चुकूनही भाजून खायच्या नाहीत, आणि मुलांच्या हाती लागतील अशा ठेवायच्या नाहीत.

सायली_मुलुंड

बाप रे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. जरा हिरमुसले खरी, पण ‘वेलासाठी लावा’ पटलं. आता कुंडीचं कोणीतरी सांगा ना.

स्लॅबवाला

कुंडीच्या आधी स्लॅब. माझा धंदाच तो, त्यामुळे राहवत नाही.

माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ भाग २ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो इतकाच जादा भार धरलेला असतो. ओल्या मातीचा फूटभर जाडीचा थर केला तर चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात वजन जातं. लोक यूट्यूब बघून विटांचे वाफे बांधतात आणि त्यात ट्रकभर लाल माती ओततात, तेव्हा माझ्या पोटात धस्स होतं. वाफे नकोतच. सुटे ड्रम, तेही मधोमध नाही, तर पॅरापेटलगत (गच्चीच्या कठड्याला लागून), जिथे खाली बीम किंवा कॉलम आहे तिथे. दोन ड्रममध्ये चांगलं अंतर. माती कमी, कोकोपीट आणि शेणखत/गांडूळखत जास्त.

दुसरं, ड्रम थेट जमिनीवर टेकवू नका. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, खालून झाडू फिरला पाहिजे. जुन्या इमारतींत वर चायना चिप्स (फुटक्या चिनी मातीच्या लाद्यांचे तुकडे) आणि खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असतो. कोब्यात पाणी एकदा शिरलं की ते कुठे बाहेर येईल सांगता येत नाही. भोपळ्याची मुळं स्लॅब फोडत नाहीत, तो गैरसमज आहे. गच्ची गळते ती पावसाच्या पाइपचं तोंड सुकल्या पानांनी तुंबतं आणि पाणी साचून राहतं म्हणून. मे अखेरीला ती तोंडं साफ करायची जबाबदारी तुम्ही स्वतःकडे घेतलीत तर सेक्रेटरी तुम्हाला चहा पाजतील.

पक्या_परळ

आमचे नाही पाजत. 😄

वसईकर_वाडीवाला

वाचून मजा आली. आमची वाडी आहे, भोपळा घरचाच. गच्चीचा अनुभव बहिणीच्या गोरेगावच्या घरचा, तिथलं सगळं मीच बघतो.

निळा दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापून दोन करा, त्यात एक वेल. दोन नको, दोन लावलेत की दोन्ही उपाशी. ग्रोबॅग घेणार असाल तर १८ बाय १८ इंचांपेक्षा लहान घेऊ नका. खाली भोकं सढळ पाडा. भोपळ्याला पाणी हवं, पण पाय भिजलेले चालत नाहीत. तीन-चार बिया पेरायच्या, आठवड्याभरात उगवतात, त्यातलं दणकट रोप ठेवून बाकीची कात्रीने कापायची. उपटू नका, शेजारच्याची मुळं दुखावतात.

पेरणी जानेवारी अखेर ते फेब्रुवारीची सुरुवात. म्हणजे आत्ताच. दीड महिन्याच्या सुमाराला फुलं, पुढे एप्रिल-मेमध्ये फळ तयार, आणि पावसाच्या आत सगळं आवरतं. जूनमध्ये पेरलंत तर वेल माजतो नुसता. फुलं ऐन श्रावणात येतात, सरी पराग धुऊन टाकतात आणि हाती भोपळा, म्हणजे शून्य! शेतावर पावसाळी पीक घेतात, तिथे वेल खूप असतात, मधमाश्या असतात, थोडी फुलं वाया गेली तरी चालतं. तुमच्याकडे वेल एक. दुसरा हंगाम हवाच असेल तर गणपतीनंतर पेरा, पाऊस ओसरताना रोपं वर येतात.

खत सांगतो तसं द्या. सुरुवातीला शेणखत पोटभर. कळ्या दिसायला लागल्या की नत्राचं खत, शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी वगैरे, आवरतं घ्या. नाहीतर पानं सुपाएवढी आणि फळ नाही. राख मूठभर चालते.

गिरगावची_गॅलरी

मी पण लावू का? चाळीतली दक्षिणेकडची गॅलरी आहे, डिसेंबरात ऊन अगदी आतल्या खोलीपर्यंत येतं.

चिकूवाडी

डिसेंबरात येतं, मे महिन्यात येणार नाही. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो म्हणून ऊन घरात शिरतं. पुढे तो वर वर सरकतो. मुंबईत मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर माध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे भोपळ्याला फळ पोसायला ऊन हवं त्याच महिन्यांत तुमच्या गॅलरीवर वरच्या मजल्याची सावली. तुम्ही सप्टेंबर अखेरीला पेरा, ऑक्टोबरपासून ऊन पुन्हा आत यायला लागेल. रोज सहा तास थेट ऊन मिळालं तरच, नाहीतर पानांच्या भाजीवर समाधान माना.

विळीवाली

पानांच्या भाजीला ‘समाधान माना’ म्हणायचं काही कारण नाही हं! कोवळे शेंडे वीतभर खुडायचे, देठावरचे दोर सोलायचे, लसूण-मिरचीची फोडणी, वरून ओलं खोबरं. भाकरीबरोबर एवढी सुंदर लागते. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात आणि वेल गच्चीभर पळण्याऐवजी भरतो, हा आणखी फायदा.

फुलांची भजी तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या बंगाली काकू तांदळाच्या पिठात थोडं कलौंजी घालून तळतात, मी आपली बेसन-ओवा. फक्त नरफुलं तोडायची. आणि तीही सगळी नाही, दोन-चार राखून ठेवायची.

वसईकर_वाडीवाला

विळीवाली ताई, बरोबर जागी आलात. नर-मादीचंच सांगणार होतो.

पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नरफुलं येतात. लोक घाबरतात, ‘फुलं येतात आणि गळतात’ म्हणून. गळू देत, त्यांचं कामच ते. नराचा देठ लांब आणि सडसडीत. मादीचा देठ आखूड, आणि फुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीच असतो, तयार, गुळगुळीत. त्याला पराग मिळाला तर वाढतो, नाही मिळाला तर तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळा पडून आक्रसतो आणि गळतो.

फूल उजाडताना उमलतं आणि दहा वाजेपर्यंत मिटतं. मधमाशीला यायचं तर तेवढ्यात. तुमच्या चौदाव्या मजल्यावर तिची वाट बघत बसू नका, हाताने करा. सकाळी सहा-साडेसहाला जायचं. ताजं नरफूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे ओढून काढून टाकायच्या, मधला दांडा उघडा पडतो. त्याला बोट लावून बघा, हळदीसारखी पूड लागली पाहिजे. ओलसर, चिकट लागली तर दुसरं फूल घ्या. मग तो दांडा मादीफुलाच्या मधल्या तीन फाकांच्या गड्ड्यावर हलक्या हाताने गोल फिरवायचा, सगळ्या बाजूंना पराग बसला पाहिजे. एका मादीला दोन नर वापरलेत तर आणखी चांगलं. अर्धाच पराग लागला की फळ एका अंगाने वाकडं वाढतं आणि बियाही त्या बाजूला पोचट निघतात. बिया खायच्यात ना? मग हे काम मन लावून करा, कारण प्रत्येक बीला आपला वेगळा परागकण लागतो.

एका ड्रममधल्या वेलावर दोन फळं ठेवा. तिसरं खुडून भाजी करा, कोवळा भोपळा सालीसकट छान होतो.

निमा

हे शेवटचं वाक्य शाळेत शिकवायला हवं होतं, प्रत्येक बीला आपला परागकण. सुरेख. मी निवडक धाग्यांत टाकतेय.

कांदिवलीकर

भोपळ्याच्या बिया रोज खाल्ल्याने प्रोस्टेट बरा होतो, जंत पडतात, झोप लागते, शुगर उतरते असं व्हॉट्सअॅपवर आलं होतं. आमच्या वडिलांनी गोळ्या बंद करून बिया सुरू केल्यात. डॉक्टर लोकांनी प्रकाश टाकावा.

डॉक_दादर

पहिली गोष्ट, गोळ्या आज संध्याकाळपासून परत सुरू करा आणि वडिलांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. हे वाचून झाल्यावर नाही, आधी.

आता बिया. अन्न म्हणून उत्तम. सोललेल्या, वाळवलेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं, ४९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, जवळजवळ ५९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, पावणेआठ मिलिग्रॅम जस्त आणि त्याहून थोडं जास्त लोह असतं. शाकाहारी घरात जस्त आणि मॅग्नेशियम यांच्या दृष्टीने मोलाच्या. पण त्याच १०० ग्रॅमला ५६० कॅलरी आहेत. सायलींच्या घरातल्या डाएटवाल्यांना सांगा, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम, त्यातच दोन चपात्यांच्या आसपास कॅलरी झाल्या. येता-जाता तोंडात टाकायची ही वस्तू नव्हे.

जंतांसाठी बिया द्यायची रीत बऱ्याच देशांत जुनी आहे, हे खरं. प्रोस्टेटच्या लघवीच्या त्रासावर काही अभ्यासही झालेत. पण आज आपल्याकडे जंतांवर एका गोळीचं स्वस्त औषध आहे, आणि प्रोस्टेट वाढलाय की आणखी काही आहे हे तपासल्याशिवाय बिया खात बसणं म्हणजे आजार झाकून ठेवणं. खा, आनंदाने खा. औषध म्हणून नको.

आणखी दोन गोष्टी. कवचासकट बिया खूप खाल्ल्या तर पोट घट्ट होतं. लहान मुलांत कवचांचा गोळा साचून शौचाला अडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मुलांना सोलून द्या. आणि भोपळा, दुधी, काकडी, काहीही कडू लागलं तर तिथल्या तिथे थुंकायचं. भाजी टाकून द्यायची, ‘वाया कशाला घालवू’ म्हणून गूळ घालून संपवायची नाही. कडूपणा कुकुर्बिटॅसिन या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून तो जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्याकडे माणसं दगावली आहेत, त्यावर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) तज्ज्ञ समितीही बसली होती. घरच्या बियाण्याचा वेल कडू निघाला तर त्याचं बी पुढे धरू नका.

कांदिवलीकर

धन्यवाद डॉक्टर. बाबांना वाचून दाखवलं. गोळ्या सुरू केल्यात, बियाही चालू आहेत, दोन्ही बाजू खूश.

विळीवाली

आता बियांचं मी सांगते, कारण आमच्याकडे आजीपासून एक बी कधी केराच्या डब्यात गेलेली नाही. आणि सायली, त्यासाठी वेल लावायची वाट कशाला बघतेस? आज भाजीवाल्याकडून पाव किलोची फोड आण. तो मधला बियांचा तंतूंसकटचा भाग सुरीने खरवडून खाली टाकतो ना, त्याला सांग टाकू नको म्हणून. तो फुकट देईल, वर तुझ्याकडे बघत राहील.

बिया चाळणीत घेऊन नळाखाली चोळायच्या. बुळबुळीतपणा गेला पाहिजे, तो राहिला की भाजताना करपतो. तंतू फेकू नकोस, भाजीत घाल, रस्सा दाट होतो. पाण्यात टाकल्यावर ज्या तरंगतात त्यातल्या बऱ्याच पोचट असतात, दोन बोटांत दाबून बघ. उरलेल्या ताटात किंवा सुपात पसरायच्या. वर्तमानपत्रावर नको, चिकटून बसतात आणि शाई लागते. दोन-तीन उन्हं दाखवायची. पावसाळ्यात पंख्याखाली.

मग दोन रस्ते. नुसत्या खायच्या असतील तर मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, निथळायच्या, कोरड्या करायच्या आणि लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायच्या. उकळल्याने मीठ आतवर जातं आणि कवच ठिसूळ होतं. तडतडायला लागल्या की झाकण हाताशी ठेव, एखादी टुणकन बाहेर उडते. रंग बदामी झाला की लगेच ताटात काढ, कढईत राहिल्या तर तिथल्या उष्णतेनेच पुढे करपतात. खाताना बी उभी धरून किनारीवर दात द्यायचा, कवच दोन फाकांत उघडतं. घाईची माणसं नखं काढायच्या नेलकटरने किनार कापतात, आमच्या मुलाने एक खास त्यासाठीच ठेवलाय.

दुसरा रस्ता चटणी. वाटीभर भाजलेल्या सोललेल्या बिया, दोन चमचे तीळ, पाव वाटी सुकं खोबरं, सात-आठ लसूण पाकळ्या, चार सुक्या मिरच्या, मीठ, एक आमसूल. सगळं वेगवेगळं भाजून खलबत्त्यात. मिक्सरला लावलंस तर थांबत थांबत फिरव, तेल सुटून गोळा होतो. शिळ्या भाकरीवर ही चटणी आणि कच्चं तेल. बाकी काही नको.

डब्यात भरून ओट्यावर ठेवू नकोस. तेलाची बी आहे आणि हवा आपली अशी, महिन्याभरात खवट वास येतो. बाटली फ्रिजमध्ये.

पक्या_परळ

उपवासाला चालतात का? भोपळा चालतो म्हणजे बिया चालायला हव्यात.

निमा

आमच्याकडे चालतात. सासरी नाही. चर्चा पुढे नेऊ नये, धागा पेटेल.

सायली_मुलुंड

धागा वर काढतेय, मदत हवी आहे!
वेल मस्त पसरलाय. सूर्यमुखी लावलाय. मांडवाला पॅरापेटपासून पाण्याच्या टाकीच्या शिडीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली आहे. सकाळी वर जाऊन हाताने परागीकरणही केलं. पाच मादीफुलांपैकी दोन फळं आता चिकूएवढी झालीत, आणि एकावर काल बारीकसा टोचल्यासारखा ठिपका दिसला, त्यातून डिंकासारखं काहीतरी आलंय. बाजूला थोडं पिवळं. हे पराग कमी पडल्याचं लक्षण का?

वसईकर_वाडीवाला

नाही. पराग कमी पडला तर टोकाकडून पिवळं पडतं, डाग नसतो. टोचल्याची खूण आणि डिंक म्हणजे फळमाशी. ते फळ आजच तोडा आणि चिरून बघा, आत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळताना दिसतील. कंपोस्टच्या डब्यात टाकू नका हां. अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन वर येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा दोन दिवस, मग कचऱ्यात. ड्रममधली वरची माती खुरपीने हलवून उन्हात तापू द्या.

दुसरं फळ वाचवायचं असेल तर आत्ताच पिशवी घाला. जुन्या मलमलच्या ओढणीची किंवा जाळीच्या कापडाची, देठाशी सैल बांधायची, फळाला वाढायला जागा ठेवून. साल कडक होईपर्यंतच माशीची भीती.

ठाण्याचा_आंबेवाला

आम्ही आंब्याला फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचे (वासाने माशी ओढणारे) सापळे लावतो, एक जादा आहे, देऊ का?

चिकूवाडी

आंब्याची माशी वेगळी, वेलवर्गाची वेगळी. मिथाईल युजेनॉलवर आंब्याची येते. भोपळा-कारलं-काकडीवरच्या माशीला क्यू ल्यूर हे वेगळं आमिष लागतं. कृषी केंद्रात ‘वेलभाज्यांचा सापळा’ म्हणून मागा. आणि सापळ्यात फक्त नर अडकतात, अंडी घालणारी मादी मोकळीच असते. तेव्हा सापळा लावला म्हणून पिशवी काढायची नाही. एका वेलाला तर पिशवीच पुरे, सापळ्याचा खर्चही नको.

पानांवर पांढरी भुकटी दिसली का? मार्च-एप्रिलमध्ये येते. खालची जुनी पानं काढून टाका, संध्याकाळी पानं भिजवू नका. गंधक फवारायचा सल्ला कोणी देईल, पण कडक उन्हात गंधकाने वेलवर्गाची पानं करपतात. एक भाग दूध नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात फवारा.

सायली_मुलुंड

चिरलं. अळ्या होत्या. ईऽऽऽ! दुसऱ्याला पिशवी घातली, आणखी एका फुलाचं परागीकरण केलंय. टांगत्या फळाला आधार लागेल का?

स्लॅबवाला

एक-दीड किलोला देठ पुरतो, पण मेमध्ये वळवाचा वारा सुटला की फळ झोके घेतं आणि वेल सोलवटतो. जुन्या साडीचा झोळ करून दोरीला बांधा, फळाचं वजन वेलावर नको, दोरीवर. आणि ती दोरी टाकीच्या शिडीला नको, प्लीज. टाकी साफ करायला माणूस येईल तेव्हा तो तुमचा मांडव कापूनच वर जाईल.

सायली_मुलुंड

दोरी हलवली. 🙏
आता दोन फळं आहेत, मोठं केशरी झालंय. कधी काढायचं?

वसईकर_वाडीवाला

नख रुतवून बघा. सालीत नख गेलं नाही, चकाकी जाऊन वर फिकट धूसर थर आला आणि देठ सुकून खरखरीत झाला की काढा. ओढू नका, तीन बोटं देठ ठेवून कात्रीने कापा, देठ तुटलेला भोपळा लवकर सडतो. आठ-दहा दिवस सावलीत वारं लागेल असा ठेवा, मग आत घ्या. चांगला पिकलेला भोपळा दोन महिने सहज राहतो, पण फरशीवर नको, कापडाच्या चुंबळीवर ठेवा.

बिया हव्यात म्हणता तर काढल्याबरोबर कापू नका. तीन-चार आठवडे तसाच राहू द्या, आतली बी त्या काळात भरत जाते. लगेच कापलात तर कवच मोठं आणि आत गर चिमूटभर.

निमा

आणि कापलात की अर्ध्याचे घारगे. दोन वाट्या किसलेला भोपळा, एक वाटी गूळ, झाकण न ठेवता शिजवायचं, पाणी आटलं पाहिजे. कोमट झालं की मावेल तेवढी कणीक आणि दोन चमचे तांदळाचं पीठ, चिमूट मीठ, वेलची, खसखस. पाणी अजिबात घालायचं नाही. गूळ गरम असताना पीठ घातलंत तर सैल होतं आणि मग कणीक खातच राहतं.

गिरगावची_गॅलरी

सायली, त्यातल्या पाच-सहा बिया माझ्यासाठी ठेवशील का? सप्टेंबरला पेरीन म्हणते. घरचंच बी म्हणजे फसवणूक नको.

चिकूवाडी

त्यांच्याकडे एकच वेल आहे आणि परागही त्याच वेलाचा हाताने लावलाय, त्यामुळे बी बऱ्यापैकी शुद्ध असेल. पेरायच्या बिया उकळायच्या-भाजायच्या नाहीत हे सांगायला नको, पण वाळवायच्याही सावलीतच. कागदी पाकिटात भरून वर तारीख आणि वाणाचं नाव घाला, डब्यात चमचाभर कोरडे तांदूळ टाका दमटपणा ओढायला.

सायली_मुलुंड

गिरगाव, तुझ्यासाठी बाजूला काढते नक्की. दादरला कबुतरखान्याजवळ माझं महिन्यातून एकदा येणं होतं, विपु (विचारपुशीत निरोप) करते. पक्या, तुम्हाला हव्यात का?

पक्या_परळ

मला घारगे चालतील.